नर्सबाई एक, गावं पाच: सरकारी दवाखान्यात गरोदरपणाच्या तपासण्या वेळेवर कशा करून घ्यायच्या

सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची तपासणी फुकट होते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती कोण करतं, कुठल्या वारी करतं आणि ती बाई त्या दिवशी नसेल तर कुठे जायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. हा लेख पहिलटकरणींसाठी आहे, लग्न होऊन नव्या गावात आलेल्यांसाठी आहे आणि ज्यांच्या उपकेंद्राला आठवड्यातले निम्मे दिवस कुलूप असतं त्या सगळ्यांसाठी. मी यातून गेले आहे, नंतर जावेचं आणि नणंदेचंही मीच बघितलं, त्यामुळे कुठे अडतं ते बऱ्यापैकी ठाऊक आहे.

आधी अडचण समजून घ्या. नियमाप्रमाणे सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. तिथे असतात त्या आरोग्य सेविका. कागदावर त्या एएनएम, आपल्यासाठी नर्सबाई किंवा सिस्टर. गरोदर बायांची तपासणी, बाळांचं लसीकरण, कुटुंबनियोजनाची शिबिरं, पोलिओचे दिवस, वेगवेगळे सर्वे, ढीगभर रजिस्टरं आणि वर ऑनलाइन नोंदी, सगळं त्यांच्याच अंगावर. शेजारच्या उपकेंद्राची जागा रिकामी झाली की तिथला ‘चार्ज’ही यांच्याकडेच येतो, आणि नवीन माणूस लवकर येत नाही. मग नर्सबाई एक आणि गावं पाच, असा हिशेब होतो. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. तुमच्या तपासण्यांच्या वेळा पोटातल्या बाळाच्या आठवड्यांवर ठरतात. त्या नर्सबाईंच्या फिरतीवर ठरू द्यायच्या नाहीत, बस.

१. पाळी चुकली की आशाताईंना सांगा

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. सासूबाई म्हणतील, दृष्ट लागते. गावाला सांगू नका, हवं तर. पण आशाताईंना सांगा. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि ‘तीन महिने होऊ देत’ म्हणत थांबलं की नेमकी तीच मुदत निघून जाते. आशाताईंकडे लघवी तपासायचं ‘निश्चय’ किट असतं, मेडिकलमधून आणायची गरज नाही.

नोंदणीला लागणारे कागद:

- आधार कार्ड. नाव माहेरचं असलं तरी नोंदणी अडत नाही. पैशांच्या योजनांसाठी मात्र आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव एकच लागतं
- स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं. नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं चालत नाही
- रेशन कार्ड, असेल तर जातीचा दाखला
- बंद पडणार नाही असा मोबाइल नंबर
- आधीचं बाळंतपण, गर्भपात किंवा ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद
- शेवटच्या पाळीची तारीख. हा कागद नाही, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. आठवत नसेल तर ‘संक्रांतीनंतर चार दिवसांनी’ असं सांगा, नर्सबाई कॅलेंडर बघून काढतात

नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी ऑनलाइन नोंदीतला तुमचा क्रमांक, लिहिलेला असतो. नंबरची जागा कोरी असेल तर तिथल्या तिथे विचारा. ‘नंतर टाकते’ म्हणाल्या तर पुढच्या वेळी आधी तेच बघा. कार्ड घरी घेऊन यायचं. काही ठिकाणी हरवू नये म्हणून नर्सबाई कार्डं स्वतःकडे ठेवतात. हेतू चांगला असतो, पण रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. कार्ड तुमच्याकडे हवं, आणि प्रत्येक तपासणीनंतर त्याच्या पानांचा फोटो मोबाइलमध्ये हवा.

२. कोण कुठे बसतं ते माहीत करून घ्या

आशाताई गावातल्याच. त्या तपासणी करत नाहीत, पण कोण कुठे आहे आणि कधी येणार हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचा नंबर नवऱ्याच्या आणि सासूच्या फोनमध्येही असू द्या.

नर्सबाई उपकेंद्रात आणि फिरतीवर. त्यांचा महिन्याचा फिरती कार्यक्रम आधीच ठरलेला असतो. तो भिंतीवर लावलेला नसेल तर आशाताईंकडून विचारून घ्या.

बऱ्याच उपकेंद्रांवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, लोक त्यांना सीएचओ म्हणतात. पुष्कळ बायांना वाटतं की हे फक्त बीपी-शुगरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहेत. तसं नाही. नर्सबाई नसतील त्या दिवशी बीपी, वजन, हिमोग्लोबिन हे त्यांच्याकडून करून घेता येतं.

त्यांच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपलं पीएचसी: वैद्यकीय अधिकारी, स्टाफ नर्स, लॅब. त्याच्याही वर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. उपकेंद्राची चिठ्ठी नाही म्हणून पीएचसीत कुणी परत पाठवू शकत नाही, हे ध्यानात ठेवा.

३. वार आणि तारखा कॅलेंडरवर लिहा

दोन दिवस पक्के असतात. एक, गावातला महिन्याचा लसीकरणाचा दिवस. अंगणवाडीत बाळांना टोचायला नर्सबाई येतात, त्याच दिवशी गरोदर बायांचीही तपासणी होते. गर्दी असते, बाळं रडत असतात, आणि झोपवून पोट तपासायला आडोसा नसतो म्हणून तेवढं नेमकं राहून जातं. आडोसा मागा. पडदा नसेल तर अंगणवाडीची आतली खोली असते.

दुसरा, दर महिन्याची ९ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या दिवशी पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर स्वतः गरोदर बायांना तपासतात. खासगी स्त्रीरोगतज्ज्ञही काही ठिकाणी येतात. हे प्रामुख्याने चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी आहे. ९ तारखेला रविवार किंवा सुट्टी आली तर बहुधा दुसऱ्या दिवशी असतं, पण आदल्या दिवशी आशाताईंना फोन करून खात्री करा. ज्यांच्या उपकेंद्राची जागा रिकामी आहे त्यांनी तर ९ तारीख हीच आपली मुख्य तपासणी समजावी. सकाळी लवकर पोहोचा. दुपारी एकनंतर लॅबवाले नमुने घ्यायला कुरकुर करतात.

४. किमान चार तपासण्या, आणि प्रत्येक वेळी काय झालंच पाहिजे

पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. हा कमीत कमी आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते. जमेल तितक्या वेळा जा, पण या चार चुकवू नका.

प्रत्येक वेळी वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी आणि पोटाची तपासणी. बीपी बघताना ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून पट्टा गुंडाळत असतील तर बाही वर करा. पायऱ्या चढून आल्या आल्या बीपी घेऊ देऊ नका, पाच मिनिटं बसा. कार्डवर ‘नॉर्मल’ असं न लिहिता आकडा लिहायला सांगा. १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लघवीतलं प्रोटीन बीपीइतकंच महत्त्वाचं. बाटली नाही, पट्ट्या संपल्या, बाथरूमला पाणी नाही, अशा कारणांनी हीच तपासणी सगळ्यात जास्त राहते. मी घरूनच स्वच्छ धुतलेली छोटी बाटली पिशवीत ठेवायचे.

पहिल्या भेटीत रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ-बी यांच्या तपासण्या होतात. रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असला तर डॉक्टरांना स्वतःहून ‘अँटी-डी’ इंजेक्शनबद्दल विचारा. ते २८ आठवड्यांच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. लहान दवाखान्यात ते नसतं, त्यामुळे कुठे मिळेल हे सातव्या महिन्याआधी ठरलेलं बरं.

आता साखरेच्या तपासणीबद्दल जरा सविस्तर, कारण ती करायची म्हणून आलेल्या बाया अर्ध्यातून उठून जातात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून देतात. उपाशीपोटी आलेलं असो वा नसो, चालतं. पाच-दहा मिनिटांत संपवायचं. चव इतकी गुळचट की पहिलाच घोट नकोसा होतो. थोडं थोडं घ्या, पण मध्ये थांबू नका. त्यानंतर दोन तासांनी रक्त घेतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत. अर्ध्या तासानंतर झाली तर चालून जातं. या दोन तासांत काही खायचं नाही, बाकावर बसून राहायचं. नर्सबाईंच्या मागे पन्नास कामं, तुमची वेळ त्यांच्या लक्षात राहणार नाही. ग्लास संपवला ती वेळ हातावर किंवा फोनवर लिहून ठेवा आणि दोन तास झाले की स्वतः जाऊन उभ्या राहा. परतीची एसटी कधी आहे ते बघूनच या तपासणीचा दिवस निवडा. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. एकदा नॉर्मल आलं तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची असते, आणि ही दुसरी खेप बहुतेक जणी विसरतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन आता ‘टीडी’ या नावाने मिळतं, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. दोन डोस, मध्ये चार आठवडे. आधीच्या गरोदरपणात दोन्ही घेतले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील तर एकच पुरतो.

५. गोळ्या घरी आणून डब्यात ठेवू नका

पहिले तीन महिने फॉलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी लोहाची, किमान १८० दिवस, आणि कॅल्शियमच्या दोन. पोटातल्या जंतांसाठी अल्बेंडाझोलची एक गोळी चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तीही नर्सबाईंसमोरच घ्या.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह अंगाला लागत नाही. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर, लोह रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. चहासोबत तर नाहीच. शी काळी होते, मळमळतं, पोट घट्ट होतं. म्हणून बाया गोळ्या बंद करतात आणि नर्सबाईंना ‘घेते की’ म्हणून सांगतात. त्रास होतोय ते खरं सांगा, वेळ बदलून किंवा इंजेक्शनने मार्ग निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात साधारण ४५ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी होतं, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे थेट मोठं रुग्णालय.

६. सोनोग्राफी

निदान एक सोनोग्राफी २४ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. बाळात व्यंग आहे का हे बघायचं असेल तर १८ ते २० आठवड्यांची वेळ उत्तम. ग्रामीण रुग्णालयात मशीन असतं पण डॉक्टर ठराविक वारीच येतात, म्हणून जायच्या आधी फोन करा. मशीन बंद असेल तर ‘पुढच्या महिन्यात या’ यावर गप्प बसू नका. मोफत सोनोग्राफी दुसरीकडे कुठे होईल ते पीएचसीच्या डॉक्टरांना विचारा आणि कार्डवर तसं लिहून घ्या. सोबत ओळखपत्र लागतं, फॉर्म भरावा लागतो, तो कायदाच आहे. मुलगा की मुलगी हे विचारणंही गुन्हा आणि सांगणंही.

७. उपकेंद्राला कुलूप असेल तर

नर्सबाईंना फोन करा. फिरतीवर असतील तर जवळच्या कुठल्या गावात आहेत ते विचारा, तिथे जाऊनही तपासणी होते. त्या रजेवर असतील तर चार्ज कुणाकडे आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही, किंवा ती जागाच रिकामी असेल, तर त्याच आठवड्यात पीएचसी. संप चालू असेल तरी तेच. कंत्राटी कर्मचारी किंवा आशाताई संपावर असल्या तरी पीएचसीचे डॉक्टर आणि मोठी रुग्णालयं सहसा चालू असतात. माहितीसाठी १०४ हा आरोग्य विभागाचा नंबर आहे.

एक गोष्ट करू नका: फोनवर ‘बरं आहे ना? त्रास नाही ना?’ एवढं विचारून कार्डवर तपासणी झाल्याची खूण करू देऊ नका. कामाचा बोजा असला की असं होतं. जे झालं नाही ते लिहायचं नाही, एवढं हसत पण ठाम सांगा.

८. थांबायचं नाही अशी लक्षणं

अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, झटके, पाणी जाणं, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही झालं तर नर्सबाई, आशाताई, पुढची तारीख यांची वाट बघायची नाही. १०८ ला फोन. बाळंतपणासाठी नेण्या-आणण्याची गाडी १०२ वर मिळते.

कार्डवर लाल खूण असेल तर तुम्ही जोखमीच्या यादीत आहात: बीपी, फार कमी रक्त, आधीचं सिझर, जुळं वगैरे. तुम्हाला चारपेक्षा जास्त तपासण्या लागतील आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करायचं. लाल खूण का केली, हे कुणी न सांगता निघू नका.

९. माहेरी जाताना, ऊसतोडीला जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलतं आणि तिसरी-चौथी तपासणी नेमकी या बदलात हरवते. सासरच्या नर्सबाईंना वाटतं माहेरी झाली असेल, माहेरच्यांना तुम्ही आलात हेच माहीत नसतं. जायच्या आधी एक तपासणी करून जा, महिनाभराच्या गोळ्या घ्या, आणि पोहोचल्यावर त्याच आठवड्यात माहेरच्या आशाताईंना कार्ड दाखवा. आरसीएच नंबर जुनाच चालतो. नवीन नोंदणी करायला निघाले तर थांबवा, दोन नोंदी झाल्या की पुढे पैशांच्या अर्जात घोळ होतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे जास्त लागू, कारण पाच-सहा महिने जिल्ह्याबाहेर, कधी कर्नाटकात. कारखान्याजवळच्या पीएचसीने तुम्हाला तपासायलाच हवं, ‘तुमच्या गावी जा’ म्हणता येत नाही. मुकादमाला नववा महिना कधी लागतो ते आधी सांगून ठेवा आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) न ठेवता अंगावर ठेवा.

१०. बाळंतपण कुठे, ते आठव्या महिन्यात ठरवा

जवळचं पीएचसी रात्री बाळंतपण करतं का, हे डॉक्टरांना नाही, स्टाफ नर्सना विचारा. तिन्ही पाळ्यांना माणूस आहे का? गेल्या महिन्यात तिथे किती बाळंतपणं झाली? उत्तर देताना त्या अडखळल्या तर पुढचं रुग्णालय नक्की करा. डोंगराळ आदिवासी भागातल्या काही पीएचसींना जोडून ‘माहेरघर’ असतं, तिथे तारखेच्या आधी काही दिवस सोबतीच्या बाईसह राहता येतं. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावांनी ही सोय आधीच सांगून ठेवावी.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ‘इथे का नाही’ एवढं विचारा; पुष्कळदा त्यावरच औषध सापडतं.

११. पैशांचे अर्ज

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत. पहिला ३,००० चा, त्यासाठी पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि एक तपासणी लागते. दुसरा २,००० चा, बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकदम. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बायांना ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये मिळतात. दोन्हींची सुरुवात आशाताईंपासून होते. पैसे अडले तर दहापैकी नऊ वेळा खातं आधारला जोडलेलं नसतं किंवा नावात फरक असतो, हे आधी बँकेत जाऊन बघा.

१२. अर्ज नर्सबाईंविरुद्ध नको, रिकाम्या जागेबद्दल करा

दोन उपकेंद्रांचा भार असलेल्या बाईची तक्रार केली तर ती बदली मागते, आणि मग एक होती तीही जाते. अर्ज करायचा तो जागा भरण्यासाठी. उपकेंद्र आणि पीएचसीचा विषय आधी तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे जातो. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाचा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

त्याआधी माहिती अधिकारात विचारून घेतलेलं चांगलं. अर्ज साध्या कागदावर, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. एवढंच लिहा: ‘अमुक उपकेंद्रात आरोग्य सेविकेची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, आणि सध्या अतिरिक्त कार्यभार कोणाकडे आहे, याची माहिती द्यावी.’ उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ते उत्तर ठरावासोबत जोडा.